सापळ्यापासून बचावाचे चार शब्द

मराठवाड्यातल्या एखाद्या तलाठी सजावर आपली नेमणूक झाली असेल आणि वारस नोंदीचा साधा फेरफार लोणच्यासारखा मुरवण्याची कला आपल्याला साधली असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या कपटापासून स्वतःला जपणे आपले कर्तव्यच आहे. (सजा या शब्दाचा दुसरा, तीन ते सात वर्षांचा अर्थ मनात आणू नये, दिवस खराब जातो.)

या मंडळींना विश्वास म्हणून काही ठाऊक नाही. आपण दहा हजार सांगतो, मोसंबीची बाग वाळल्याचे ऐकून आपले मन द्रवते आणि तडजोडीअंती आपण सातवर येतो. तोच शेतकरी या विभागाच्या १०६४ या तक्रार क्रमांकावर फोन करतो आणि दुसऱ्या दिवशी बंडीच्या खिशात रेकॉर्डर घालून पुन्हा भाव विचारायला येतो, म्हणजे आपली दया आपल्याच आवाजात सरकारजमा होते. त्याला वर बजावलेले असते, की साहेबांनी मागितल्याशिवाय नोटा बाहेर काढायच्या नाहीत. आपण मागायला विसरत नाही, हेच त्यांना फावते.

शेजारच्या बाकड्यावर अनोळखी माणूस चहा पुढ्यात घेऊन बसला असेल, तर त्याच्या बशीकडे पाहावे. तो पंच, म्हणजे सापळ्याचा साक्षीदार असतो, बहुधा दुसऱ्या खात्यातला, आपल्यासारखाच नोकरदार. त्यामुळे चहावर साय धरली तरी तो प्यायची त्याला शुद्ध नसते.

२०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरला, तेव्हा जरा हायसे वाटले होते. पण आधी पोलिसांना कळवून मग देणाऱ्याला त्याच कायद्याने मोकळे सोडले. तक्रारदार फितवण्याचा जुना रामबाण उपायही डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बोथट केला, कारण तक्रारदार उलटला तरी इतर पुराव्यांवरून मागणी सिद्ध होऊ शकते.

राहता राहिला हात. नोटांना लावलेली फिनॉल्फथॅलिनची पूड डोळ्यांना जाणवत नाही, मात्र सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बोटे बुडवताच पाणी गुलाबी होते. म्हणून नोटांना स्पर्श न करता ‘खाजगी इसम’ पुढे करावा. बातमीत तेवढीच सोबत होते. तरीही मोह आवरला नाही आणि नोटा खिशात गेल्याच, तर खिसाही धुतला जातो आणि पँट मुद्देमाल म्हणून जमा होते. तेव्हा दुसरी पँट आणायला घरी कोणाला धाडायचे आणि त्याने दारात काय सांगायचे, एवढे मात्र आजच ठरवून ठेवावे.