शिपाई नव्हे, पोलीस खात्याचा जावई

सोसायटीच्या ग्रुपवर तोच मजकूर तिसऱ्यांदा आला. थायलंडचे माजी पंतप्रधान थाकसिन शिनावात्रा. गरीब घरचा पोरगा, पोलिसात साधा शिपाई, राजीनामा देऊन स्वतःच्या हिमतीवर मोबाइल कंपनी काढली, अब्जाधीश झाला, पंतप्रधान झाला, तीन महिन्यांत ड्रग्ज संपवले, मग लष्कराने खोट्या केसेस करून हाकलून दिला. खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘आपल्याकडेही असाच पाहिजे’. दोनदा गप्प बसलो, आता लिहितो.

गरीब घर? शिनावात्रा हे चियांग माईच्या रेशमाच्या धंद्यातलं जुनं नाव. पणजोबा चीनमधून आले आणि करवसुलीचा मक्ता घेऊन वर चढले. वडील खासदार होते. आणि शिपाई तर हा माणूस एक दिवसही नव्हता. 1973 मध्ये पोलीस अकादमीतून थेट अधिकारी, मग सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिका, 1978 मध्ये टेक्सासमधून क्रिमिनल जस्टिसची डॉक्टरेट. 1987 मध्ये राजीनामा दिला तेव्हा हुद्दा होता लेफ्टनंट कर्नल. बायको पोत्जामन ही पोलीस जनरलची मुलगी.

‘स्वतःच्या हिमतीवर’ हे मात्र अर्धं खरं. आधी रेशमाचं दुकान बसलं, सिनेमा थिएटर बुडालं, इमारतीचा उद्योग अंगाशी आला, डोक्यावर मोठं कर्ज झालं. तरी गडी उभा राहिला, हे मान्य. पण हात दिला तो सरकारी कार्यालयांना कॉम्प्युटर भाड्याने देण्याच्या धंद्याने, आणि गिऱ्हाइकांत पोलीस खातंही होतं. नोकरी खात्यात, माल खात्याला. याला काय म्हणतात ते आपल्या ग्रुपवरच्या कुठल्याही ठेकेदाराला विचारा. खरा पैसा आला परवान्यांतून: 1990 मध्ये मोबाइल सेवेचा 20 वर्षांचा, 1991 मध्ये उपग्रहाचा. हा दुसरा परवाना मिळाला तेव्हा त्याच वर्षी बंड केलेल्या सेनाधिकाऱ्यांनी बसवलेलं सरकार होतं. पुढे ज्या लष्कराने घालवलं, त्याच्या छत्राखाली एक मोठं घबाड हाती लागलं होतं, हे फॉरवर्डमध्ये नाही.

आता ज्यावर सगळे टाळ्या वाजवतात ते. 1 फेब्रुवारी 2003 ला ‘ड्रग्जविरुद्ध युद्ध’ सुरू झालं. प्रत्येक प्रांताने संशयितांची काळी यादी करायची, ठरलेल्या मुदतीत ती यादी छोटी करून दाखवायची, नाही जमलं तर बदली. यादी छोटी करायचे मार्ग तीन: अटक, शरणागती, मृत्यू. पहिल्या तीन महिन्यांत दोन हजारांहून जास्त माणसं मारली गेली. पोलीस म्हणत, यातल्या थोड्यांनाच आम्ही मारलं, तेही स्वसंरक्षणात. बाकीचे टोळीवाल्यांनी तोंडं बंद ठेवायला आपसात उडवले. याला थाईत शब्दही रूढ झाला, ‘खा तात तोन’, म्हणजे दुवा तोडण्यासाठी केलेला खून. संयुक्त राष्ट्रांनी विचारणा केली तर पंतप्रधानांचं उत्तर होतं, ‘यूएन काही माझा बाप नाही.’ पुढे झालेल्या चौकशीत असं समोर आलं की मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचा ड्रग्जशी संबंधच नव्हता.

त्याच फेब्रुवारीत बँकॉकमध्ये पोलिसांनी एका माणसाला ड्रग्जच्या गोळ्यांच्या सौद्यात पकडलं. बायको गाडी घेऊन निघाली, पोलिसांनी गाडीवर गोळ्या झाडल्या. मागच्या सीटवर त्यांचा 9 वर्षांचा मुलगा होता. तो गेला. यादीतलं नाव त्याचं नव्हतं.

आणि ड्रग्ज? ‘याबा’च्या, म्हणजे मेथॅम्फेटामाइनच्या, गोळ्या म्यानमारच्या शान राज्यातून आजही येतात.

या माणसाचं खरं मोठं काम फॉरवर्डवाल्याला ठाऊकच नाही, म्हणून मीच सांगतो. 30 बातमध्ये (बात म्हणजे थाई चलन) उपचाराची योजना. 2001 मध्ये सुरू झाली आणि गावोगावच्या माणसाला दवाखान्याचं दार उघडलं. अर्थात त्यामागे डॉ. सन्गुआन यांच्यासारख्या डॉक्टरांची वर्षानुवर्षांची मेहनत होती. थाकसिनने ती उचलून धरली. गरिबांनी भरभरून मतं दिली ती यासाठी, उगाच नाही.

केसेस खोट्या होत्या का? इथे फॉरवर्डला थोडे मार्क देतो. 19 सप्टेंबर 2006 चं बंड हे बंडच होतं, थाकसिन तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होते, आणि तपास समिती बंडखोरांनीच नेमलेली. पण व्यवहार हवेतले नव्हते. पंतप्रधानाच्या बायकोने सरकारी यंत्रणेकडून बँकॉकमधली जमीन घेतली. त्यात 2008 मध्ये थाकसिन यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. 2006 च्या जानेवारीत दूरसंचार कंपन्यांतली परदेशी मालकीची मर्यादा वाढवणारा कायदा लागू झाला आणि दोनच दिवसांत घराण्याने शिन कॉर्प या आपल्या दूरसंचार कंपनीतला हिस्सा सिंगापूर सरकारच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीला सुमारे 73 अब्ज बातला विकला. करही भरला नाही, शेअर बाजारातल्या विक्रीला तो लागतच नव्हता. बँकॉकचा मध्यमवर्ग रस्त्यावर उतरला तो यावर.

फॉरवर्डचा शेवट ‘देशात परतून ताठ मानेने शिक्षा भोगली’ असा आहे. 22 ऑगस्ट 2023 ला ते परतले, दुसऱ्या खटल्यांत झालेली एकूण आठ वर्षांची शिक्षा राजाने एका वर्षावर आणली. तुरुंगातली पहिली रात्रही पूर्ण झाली नाही, तब्येत बिघडली म्हणून हलवलं. कुठे, तर पोलीस हॉस्पिटलच्या चौदाव्या मजल्यावर. सहा महिन्यांनी पॅरोल. 2015 मध्ये त्यांचा पोलिसी हुद्दा काढून घेतला होता, तरी खाटेची सोय खात्याकडेच झाली. 9 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हॉस्पिटलातले दिवस शिक्षेत धरता येणार नाहीत, वर्ष पुन्हा भोगा. त्याच दिवशी त्यांना तुरुंगात नेण्यात आलं, वयाच्या 76 व्या वर्षी.