लो कॉन्फिडन्स म्हणे!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. ज्यांना पुढे सरकायचं त्यांनी खुशाल सरका.

आमच्या कंपनीत क्वालिटीत, म्हणजे माल तपासणाऱ्या खात्यात, ज्युनिअर इन्स्पेक्टरची एक जागा निघालीय. पॅनलवर आम्ही तिघं. सकाळपासून डिप्लोमाची पोरं येत होती, त्यात एक मुलगी आली. तिचं नाव-गाव सांगत नाही. पहाटेच्या एसटीनं आलेली, फाइल शेवटपर्यंत छातीशी धरलेली. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ झालं. तिनं नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं आणि गाडी तिथंच थांबली. नजर टेबलावर. मी मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, विचारला, तर पुटपुटत का होईना, ०.०१ मिलिमीटर म्हणाली. बोअरमध्ये, म्हणजे भोकात, गो गेज (जो आत जायलाच हवा) गेला आणि नो-गोसुद्धा (जो जाता कामा नये) गेला तर? ‘बोअर मोठा झालाय मॅडम, जॉब रिजेक्ट.’ (जॉब म्हणजे तपासायचा पार्ट.) एकही उत्तर चुकलं नाही.

तिच्यामागून एक मुलगा आला. हसतमुख, कडक शेकहँड, खुर्चीत ऐसपैस. मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट म्हणे ०.०२. अरे बाबा, तो व्हर्नियरचा, दुसऱ्या मापयंत्राचा! पण असं ठासून बोलला की क्षणभर मलाच शंका आली.

दोन विरुद्ध एक. निवड कुणाची झाली, हे सांगायला पाहिजे का? तिच्या शीटवर शेरा : नॉलेज गुड, कॉन्फिडन्स लो, आय कॉन्टॅक्ट पुअर.

आय कॉन्टॅक्ट! वीस वर्षं आपण पोरींना सांगायचं की मोठ्यांपुढं मान खाली, चारचौघांत तोंड मिटून, वर बघून बोललीस तर उद्धट. शाळेत हेच, मामाकडं हेच. आणि मग एका मंगळवारी सकाळी एसी केबिनमध्ये तीन अनोळखी माणसांच्या डोळ्यांत डोळे घालून बोल म्हणायचं, नाही जमलं तर ती कच्ची. वा रे वा.

माझी पहिली मुलाखत याच एमआयडीसीत झाली, दुसऱ्या कंपनीत. माझंही असंच झालं होतं. घशाला कोरड, कान गरम, पाठ केलेलं सगळं गायब. समोरच्या साहेबांनी फाइल मिटलीसुद्धा. कोपऱ्यात एक वयस्कर हेड इन्स्पेक्टर बसले होते, त्यांना सगळे काकाच म्हणायचे. तोपर्यंत त्यांनी एक शब्द विचारला नव्हता. त्यांनी उठून माझ्यासमोर एक मायक्रोमीटर आणि एक पिन ठेवली. म्हणाले, ‘बोलू नकोस पोरी. माप घे.’

मी रुमालानं मायक्रोमीटरचे दोन्ही फेस पुसले, बंद करून झीरो बघितला, मग पिन धरली. रॅचेटचा कट-कट आवाज आला आणि माझा श्वास जागेवर आला. काका म्हणाले, ‘किती?’ मी सांगितलं. ‘मग पास का फेल?’ किती माप चालतं ते ड्रॉइंगवर असतं, म्हणून मी म्हटलं, ‘ड्रॉइंग बघितल्याशिवाय कसं सांगू?’ इतक्या मोठ्यानं म्हटलं की माझी मीच दचकले. काका हसले. त्यानंतर मला थांबवावं लागलं, एवढी बोलले मी.

म्हणून मला या ‘लो कॉन्फिडन्स’चा राग येतो. बुजऱ्या माणसाला येत नसतं असं नाही. त्याचं अर्धं लक्ष स्वतःवर असतं : मी कशी दिसतेय, आवाज कापतोय का, यांना काय वाटत असेल. उरलेल्या अर्ध्यात तो उत्तर शोधत असतो. हाताला, डोळ्याला काही काम दिलं की ते लक्ष बाहेर येतं. काकांनी मानसशास्त्राचं पुस्तक वाचलं नव्हतं, त्यांनी फक्त मला माझ्यातून बाहेर काढलं. आणि ही भीती सुरुवातीलाच शिगेला असते, नंतर हळूहळू उतरते. पण आपल्या मुलाखती दहा मिनिटांत उरकतात! म्हणजे माणूस बोलता होईपर्यंत पुढच्याला हाक मारलेली असते.

गांधीजी १८९१ साली बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतले. मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिला खटला. साक्षीदाराची उलटतपासणी करायला उभे राहिले आणि डोकं गरगरलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसले. दुसरा वकील करा म्हणाले आणि फीचे तीस रुपये परत दिले. आमच्या पॅनलनं त्यांच्याही शीटवर हाच शेरा मारला असता.

आमचे एक सर आहेत (फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, वाचत असतील, वाचू देत). ते म्हणाले, ‘मॅडम, कलेक्टरसुद्धा मुलाखतीतूनच निवडतात.’ सर, तिथं लेखीला १७५० मार्क असतात आणि मुलाखतीला २७५. आपल्याकडं ते प्रमाण उलटं आहे. आणि केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि अराजपत्रित गट ब च्या पदांना मुलाखतच बंद केली. वशिलेबाजी थांबवायला बंद केली, बुजऱ्यांच्या दयेपोटी नाही, हे मला माहीत आहे. पण देश चालतोय ना?

सरांचा दुसरा मुद्दा मात्र मला लागला. म्हणाले, ‘उद्या प्रॉडक्शनवाला अंगावर धावून आला तर ही मुलगी मालाचा लॉट कशी अडवणार?’ ठीक आहे, प्रश्न खरा आहे. क्वालिटीत नाही म्हणावंच लागतं. सेल्सला, काउंटरला बोलकं माणूस लागतं हेही मान्य. पण लॉट अडवायला आवाज लागतो हे कुणी सांगितलं? मला नवीन असताना एका सुपरवायझरनं सगळ्या लाइनसमोर झापलं होतं, ट्रक उभा आहे, सही कर म्हणून. माझे पाय लटपटत होते. पण मी माल थांबवल्याचा लाल टॅग बांधला आणि काकांपुढं बोलले होते तेच बोलले, ‘ड्रॉइंग दाखवा.’ लॉट अडला. बुजरी माणसं चिवट असतात हो. ठासून ०.०२ सांगणारा तो मुलगा उद्या चुकीचा जॉबसुद्धा तेवढंच ठासून पास करेल, त्याची भीती नाही वाटत कुणाला?

बरं, त्या मुलाचा काही दोष नाही. त्याला कुणीतरी शिकवलं असेल. गल्लोगल्ली बोर्ड आहेत, आठवड्यात स्टेज डेअरिंग, टाय, शेकहँड, चार इंग्रजी वाक्यं. काही पोरांना फायदा होतो, अनोळखी लोकांसमोर उभं राहायची सवय होते, एवढं मी मान्य करते. पण बुजरेपणा हा काही आजार नाही घालवायला. मी आजही लग्नात गेले की कुणाशी काय बोलू म्हणून कोपरा शोधते. पण पंगतीत वाढायला घेतलं की सगळ्यांशी बोलते. भात हवा का, मठ्ठा हवा का, आणि त्यातून तुमची मुलगी कुठं असते इथपर्यंत. काकांच्या मायक्रोमीटरचंच काम हे वाढणं करतं. कार्यक्रमाला लवकर जायचं हेही एक. चार माणसं असतात तेव्हा बोलणं सोपं, चारशे जमल्यावर शिरायचं म्हणजे शिक्षा.

मुलाखतीचंही तसंच. पहिली दोन-तीन वाक्यं घरी मोठ्यानं म्हणून बघा, मनात नाही, मोठ्यानं. तोंडाला ती वाट माहीत पाहिजे. प्रोजेक्टचं ड्रॉइंग, एखादा पार्ट सोबत न्या आणि ‘दाखवू का?’ म्हणा. एकदा बोट ड्रॉइंगवर ठेवलं की बोलणं येतं. अडलं तर ‘जरा विचार करून सांगते’ म्हणा, गप्प बसू नका, गप्प बसलं की समोरच्याला वाटतं येतच नाही. डोळ्यांत बघवत नसेल तर भुवयांकडे बघा, पलीकडच्याला फरक कळत नाही. मराठीत सांगू का, असं सरळ विचारा. नाही म्हणणारे भेटतील, पण हो म्हणणारेही भेटतात.

आणि एक वेगळं सांगते. लोकांच्या भीतीनं कॉलेज बुडतंय, फोन उचलवत नाही, पेपर येत असूनही तोंडीला जायचं टळतंय, असं महिनोन्‌महिने चाललं असेल तर तो नुसता लाजाळूपणा नाही. त्याला उपचार असतात आणि ते लागू पडतात. टेलीमानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ‘लग्न झालं की बोलायला लागेल’ म्हणणाऱ्या मावश्यांना कृपया दूर ठेवा.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. उद्या एचआरला मेल टाकणार आहे, की पुढच्या वेळेपासून टेबलावर मायक्रोमीटर, दोन जॉब आणि त्यांचं ड्रॉइंग ठेवा, पहिली दहा मिनिटं कुणी काही विचारायचं नाही. ऐकतील असं वाटत नाही. नाही ऐकलं तर मी माझ्या पर्समधून मायक्रोमीटर काढेन.

तुमच्या ओळखीत डिप्लोमा झालेली, मुलाखतीला घाबरणारी मुलं-मुली असतील तर त्यांना माझा नंबर द्या. संध्याकाळी सातनंतर फोन करू देत, आपण सराव करू. फोनवर बोलायला जमत नसेल तर मेसेज केला तरी चालेल.