भेटूया की एकदा!
नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला येऊन दोन वर्षं होतील आता, पण मैत्रीण म्हणावी अशी एक नाही. डच कलीगला म्हटलं शनिवारी चहाला ये, तर बाईंनी फोनमध्ये अजेंडा उघडला आणि थेट पाच आठवड्यांनंतरची तारीख, तीही दोन ते चार! चारला दहा कमी असताना जॅकेट घालून उभीसुद्धा. ढीगभर केलेले कांदेपोहे रात्री आम्ही दोघांनीच गरम करून संपवले. बरं, आपले मराठी लोक तरी? गणपतीत भेटले की पहिला प्रश्न भाडं किती, दुसरा ३० टक्के रुलिंग (बाहेरून नोकरीला आलेल्यांची करसवलत) मिळतंय का, आणि निघताना 'भेटूया की एकदा!' अहो पण कधी?? नवरा म्हणतो तू फार मनाला लावून घेतेस. याचं काय जातंय, याला ऑफिसात टेबल टेनिसवाले सापडलेत!