दुभत्या गाईच्या लाथा

परवा भाच्याला घेऊन परळला टर्फवर गेलो होतो. आमचा स्लॉट सुरू व्हायला पंधरा मिनिटं होती, म्हणून पोरं बाकावर मोबाइलमध्ये डोकी घालून बसलेली. भाचा म्हणाला, "मामा, हा बघ कसला येडा आहे, बाथरूममध्ये फटाके फोडले!" रीलमध्ये मारिओ बालोटेली, तेव्हाचा मँचेस्टर सिटीचा इटालियन फुटबॉलपटू, आणि मागे कुणीतरी खदाखदा हसण्याचा आवाज चिकटवलेला.

किस्सा खरा आहे आणि भारीच आहे. ऑक्टोबर २०११. शनिवारी पहाटे मँचेस्टरजवळच्या त्याच्या घराला आग लागली, कारण बाथरूममध्ये फटाका उडवला गेला. (तो म्हणतो मित्रानं उडवला. आपणही आईला हेच सांगायचो.) रविवारी ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडशी मॅच. पहिला गोल ह्याचाच. जर्सी वर केली तर आतल्या टी-शर्टवर छापलेलं, 'व्हाय ऑलवेज मी?' सिटी ६-१ नं जिंकली. वर कळस म्हणजे लगेच त्यालाच फटाके जपून उडवा सांगणाऱ्या मोहिमेचा चेहरा केला. ही माणसं इतक्या गंभीर चेहऱ्यानं विनोद कसा करतात, कळत नाही.

त्याच्या आधी, मार्च २०११ मध्ये, त्यानं क्लबच्या ज्युनियर पोरांच्या दिशेनं डार्ट फेकले होते. ते मात्र मला हसण्यासारखं वाटत नाही. पण मे २०१२ मध्ये शेवटच्या मिनिटाला पडता पडता त्यानं टीममधल्या अग्वेरोला पास दिला आणि सिटी चव्वेचाळीस वर्षांनी इंग्लंडची चॅम्पियन झाली. मग डार्टचं कोण काढतंय?

आपल्याकडे म्हण आहेच, दुभत्या गाईच्या लाथा गोड. फुटबॉलमध्ये तर चावेही गोड लागतात. उरुग्वेच्या सुआरेझनं २०१० मध्ये एकाला चावलं, २०१३ मध्ये दुसऱ्याला, २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये इटलीच्या किएलिनीच्या खांद्याला. चार महिन्यांची बंदी बसली, आणि ती चालू असतानाच बार्सिलोनानं त्याला विकत घेतला. लग्नाच्या बैठकीत मुलाचं एवढं कळलं असतं तर लोक चहा न घेता उठले असते.

माझी तक्रार खेळाडूंबद्दल कमी आणि आपल्याबद्दल जास्त आहे. खोडकर, रागीट, रुसका, आजारी, सगळ्यांना आपण 'येडा जीनियस' नावाच्या एकाच पिशवीत कोंबतो.

आता फ्रान्सचा आनेल्का. इंग्लिश पेपरवाल्यांनी त्याला रुसूबाई ठरवलं होतं. रियाल माद्रिदमध्ये सरावाला जात नाही म्हणून २००० मध्ये ४५ दिवसांची बंदी खाल्ली, आणि त्याच मोसमात चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला बायर्नविरुद्ध दोन्ही लढतींत गोल केले. २०१० मध्ये आफ्रिकेत हाफटाइमला कोचशी असा भांडला की फ्रान्सनं त्याला वर्ल्ड कपमधूनच घरी पाठवलं. त्याच्यासाठी बाकी टीमनं सराव बंद पाडला, म्हणजे अगदी गिरणगावातल्यासारखा संप. आणि असा हा माणूस २०१४ मध्ये आपल्या मुंबई सिटी क्लबात आला! नेरूळला डी. वाय. पाटीलवर मी त्याला बघायला गेलो ते काहीतरी राडा बघायला मिळेल म्हणूनच, खोटं कशाला बोलू? तर हा बाबा एकटाच एका कोपऱ्यात स्ट्रेचिंग करत होता. ना कुणाशी बोलणं, ना प्रेक्षकांकडे बघणं. माझ्या शेजारचा वैतागून म्हणाला, "हा तर एलआयसीतला माणूस वाटतो." मला तेव्हा वाटलं, लाजाळू माणसाला आपण चौदा-पंधरा वर्षं माजुरडा म्हणत आलो की काय.

इंग्लंडच्या गॅस्कॉइनचं, म्हणजे 'गॅझा'चं, तर वाचवत नाही. १९९६ च्या युरोआधी हाँगकाँगच्या बारमध्ये इंग्लंडच्या खेळाडूंना खुर्चीत बसवून तोंडात दारू ओतल्याचे फोटो आले. पेपरांनी झोडपलं. मग वेम्बलीवर गॅझानं स्कॉटलंडविरुद्ध बचावपटूच्या डोक्यावरून चेंडू काढून गोल मारला आणि तिथंच गवतावर आडवा झाला, तोंड उघडं. मित्रांनी बाटलीतलं पाणी तोंडात ओतलं. अख्खा देश हसला. नंतर त्याच माणसाचं दारूनं काय झालं ते सगळ्या जगानं पाहिलं. तो गोल मी अजूनही बघतो, पण चेंडू जाळ्यात गेला की व्हिडिओ बंद करतो.

जॉर्ज बेस्ट १९६८ मध्ये युरोपातला सर्वोत्तम खेळाडू होता, आणि २७ व्या वर्षी त्याचा युनायटेडमधला खेळ संपला. २००२ मध्ये नवं यकृत बसवलं, तरी दारू सुटली नाही. मरायच्या आधी हॉस्पिटलातला आपला पिवळा पडलेला फोटो त्यानं स्वतः पेपरात छापायला लावला, माझ्यासारखे मरू नका म्हणून. गेला २५ नोव्हेंबर २००५ ला. बरोबर पंधरा वर्षांनी, २५ नोव्हेंबरलाच मॅराडोना गेला.

मुंबईत हा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला विनोद कांबळी येतोच. सतरा कसोटी, सरासरी ५४, शेवटची कसोटी तेविसाव्या वर्षी. पुढे प्रत्येकाला आतली गोष्ट माहीत असते, म्हणून मी तिथं गप्प बसतो.

माझ्याकडे माझा एक किस्सा आहे. आमच्या नायगावच्या टीममध्ये एक लेफ्ट विंगर होता. नाव लिहीत नाही, त्याच्या घरचे फेसबुकवर आहेत. जुलैतली सेमीफायनल, मैदानाचा नुसता चिखल, आणि हा गायब. हाफटाइमला उगवला तो पायात स्लिपर घालून, रात्रीची अजून उतरलेली नाही. राखीव गोलकीपरचे नऊ नंबरचे स्टड काढून घेतले, पुढे पेपरचे बोळे कोंबले आणि उतरला. चिखलात चेंडू रुतला होता, तो ह्यानं अंगठ्यानं अलगद उचलला आणि खाली पडायच्या आत मारला. असे दोन गोल. मॅन ऑफ द मॅचला मिक्सर होता. तो मिक्सर पठ्ठ्यानं घरी पोचायच्या आत विकला आणि रात्री अख्ख्या टीमला पार्टी दिली.

तीस वर्षं आम्ही हे सांगतोय. बोळे, स्लिपर, मिक्सर, आणि दर वेळी तेवढंच हसू येतं. तो आता नाही, चाळिशीही गाठली नाही त्यानं.

त्या रात्रीचं एक मी कधी सांगत नाही. मिक्सरला गिऱ्हाईक मी आणलं होतं, आमच्याच गल्लीतलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला उतरलो तर त्याची आई जिन्यात भेटली. हातात पाट्यावरच्या चटणीची वाटी, शेजारी द्यायला निघालेली. म्हणाली, "काय रे, त्याला काल मिक्सर मिळाला म्हणे?"

मी म्हटलं, "नाही हो काकू, कप मिळाला. क्लबात ठेवलाय."