खुलासा : नवं ब्ल्यूइंग दिल्याने जुन्या कोल्टची किंमत वाढत नाही

जुन्या रिव्हॉल्व्हरला पॉलिश करून नवं ब्ल्यूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, दिलं की संग्राहक जास्त पैसे मोजतात, असा दावा फिरतो आहे. अमेरिकेतल्या कोल्ट कंपनीच्या पहिल्या पिढीच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधी बनलेल्या, ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हरबाबत तरी तो चुकीचा आहे. मूळ झिलई थोडीफार शिल्लक असेल, तर नव्या झिलईने किंमत बहुतेक वेळा घसरतेच.

नवा थर चढवण्याआधी पोलाद घासावं लागतं. त्यात कडा गोलावतात, नळीवर कोरलेला कंपनीचा पत्ता आणि फ्रेमवरच्या पेटंटच्या तारखा पुसट होतात, स्क्रूंच्या भोकांभोवती खळगे पडतात. गेलेला धातू परत येत नाही.

अमेरिकी लष्कराने १८७३ मध्ये स्वीकारलेल्या या रिव्हॉल्व्हरची नळी साडेसात इंची होती. पुढे १८९० च्या दशकात लष्करानेच हजारो नगांच्या नळ्या कापून साडेपाच इंचांवर आणल्या. त्या कामात सुटे भाग मिसळले, म्हणून अशा नगांवर वेगवेगळे क्रमांक दिसतात. ते बनावट नव्हेत. त्यांना लांब नळी बसवून ‘मूळ रूप’ देणं ही माझ्या मते सरळ नासधूस आहे.

तांबडा, वाढता गंज मात्र तेल आणि मऊ कापडाने थांबवायलाच हवा. तुटलेली स्प्रिंग बदला, जुनी जपून ठेवा. आधीच कुणी घासून निकल चढवलेला नग असेल, तर पुनरुज्जीवनाचा विचार जरूर करावा. त्याआधी कोल्टच्या अभिलेखागारातून त्या क्रमांकाचा नग कारखान्यातून मुळात कसा निघाला हे सांगणारं पत्र मागवा, आणि विकताना केलेलं काम लपवू नका.