एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर: पग का दिला नाही, आणि शित्झूच्या बाबतीत आमचं काय चुकलं

नमस्कार भाऊ,

तुमच्या रिव्ह्यूत तीन तक्रारी आहेत. पैसे घेऊन आमच्या दुकानात आलात तरी आम्ही पगचं पिल्लू दिलं नाही, उलट पाऊण तास प्रश्न विचारले. तुम्ही दोघंही नोकरीवर, घरी चार वर्षांची मुलगी, वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, म्हणून लहान आणि शांत कुत्रा हवा होता. एसी आहे असं सांगूनही आम्ही स्पिट्झच सुचवत राहिलो. आणि तुमच्या बहिणीने मागच्या वर्षी आमच्याकडून नेलेल्या शित्झूच्या अंगावर इतक्या जटा झाल्या की तो पूर्ण भादरावा लागला, तेव्हा मात्र आम्ही काही सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक आमची आहे. पिल्लासोबत दिलेल्या कागदावर ‘रोज ब्रश करा’ एवढंच होतं. तेवढ्याने भागत नाही. शित्झूचे केस माणसाच्या केसांसारखे लांब वाढत राहतात, आणि सुटलेला केस खाली न पडता आतल्याच केसांत अडकतो. वरवर ब्रश फिरवला की अंग मऊ, चमकदार दिसतं, पण कातडीजवळ नमदा, म्हणजे केसांचा घट्ट दाबलेला थर, तयार होत असतो. दहा-बारा महिन्यांच्या सुमारास पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येतात, त्या दोन-तीन महिन्यांत तर आदल्या दिवशी नसलेली गाठ दुसऱ्या दिवशी सापडते. बहिणीचं पिल्लू नेमकं त्याच वयात होतं. हे आधी सांगायला हवं होतं. त्याबद्दल मनापासून माफी.

विंचरण्याची पद्धत अशी. केसांवर पाण्याचा हलका फवारा मारायचा, एका हाताने केस वर उचलून धरायचे म्हणजे कातडीची रेघ दिसते, आणि स्टीलचा कंगवा त्या रेघेपासून टोकापर्यंत न्यायचा. मग खालची रेघ. कंगवा कुठेही अडला नाही तरच विंचरून झालं. कानामागे, काखेत, मांडीच्या आत आणि हार्नेसचा पट्टा घासतो तिथे आधी बघायचं. सगळ्यात मोठी चूक आंघोळीच्या वेळी होते. गाठ तशीच ठेवून अंगावर पाणी घातलं की ती वाळताना आवळते, आणि मग मशीनशिवाय निघत नाही. म्हणून आधी कंगवा, मग आंघोळ, मग ड्रायरच्या कोमट हवेने मुळापर्यंत कोरडं करणं. पावसाळ्यात ओलसर राहिलेल्या केसांखाली आधी वास येतो, मग खाज. दर 4 ते 6 आठवड्यांनी केस छोटे करून घेतले, म्हणजे ज्याला पपी कट म्हणतात, तर रोजचं काम दहा मिनिटांवर येतं. भादरलेले केस परत येतील. तोवर त्याला दुपारच्या उन्हात नेऊ नका, उघडी कातडी भाजते.

आता पग. इथे मात्र आम्ही आमच्या म्हणण्यावर ठाम आहोत.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. नाकातल्या आणि जिभेच्या ओलाव्यावरून हवा जोरात फिरवून, म्हणजे धापा टाकून, तो अंग थंड करतो. पगचं तोंड चपटं झालं, पण घशातला मऊ भाग त्या मानाने आखूड झाला नाही. तो श्वासाच्या वाटेवर लोंबतो, आणि नाकपुड्याही बऱ्याचदा चिमटलेल्या असतात. त्यामुळे धाप टाकण्यातच इतकी ताकद जाते की अंग आणखी तापतं, घसा सुजतो, वाट अजून अरुंद होते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश असतं. 41 च्या पुढे गेलं की जिवावर बेततं, आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, बंद खोलीत पगला तिथे पोचायला फार वेळ लागत नाही.

एसीचं म्हणाल, तर आमची शंका एसीवर नव्हती, तुम्ही घरी नसता त्या आठ-नऊ तासांवर होती. मे महिन्यात दुपारी दोनला लाईट गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर पंखा चालतो, एसी सहसा चालत नाही. वर तापलेला स्लॅब, दारं-खिडक्या बंद आणि आत एकटा पग. कुलरवर भिस्त ठेवली तरी तो मे महिन्याच्या कोरड्या हवेतच काम देतो. जुलैत हवा दमट झाली की कुलरचं पाणी उडत नाही आणि पगच्या जिभेवरचंही नाही. म्हणून आमच्याकडे पगसाठी चौकशी करताना उन्हाळ्याइतकेच प्रश्न पावसाळ्याच्या उकाड्याबद्दल असतात. तुम्हाला त्याचाच राग आला, हे समजतं.

ज्यांच्याकडे पग आहे त्यांच्यासाठी इथेच लिहून ठेवतो. जीभ रुंद होऊन बाहेर आली, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, चाल अडखळली, तर आधी अंग थंड करायचं, मग दवाखाना. अंगभर पाणी ओता आणि पंख्यासमोर ठेवा. पाणी गच्चीवरच्या टाकीचं नको. मे महिन्यात दुपारी त्या नळाला कढत पाणी येतं. सकाळी भरून ठेवलेली बादली किंवा माठ वापरा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. गाडीत एसी सुरू ठेवून न्या.

तुमच्या घरासाठी स्पिट्झ सुचवला तो नाक लांब म्हणून. आपल्याकडे ज्याला सर्रास ‘पामेरियन’ म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झच असतो. खरा पामेरियन दोन-तीन किलोचा, स्पिट्झ पाच ते सात किलोचा. चार वर्षांच्या मुलीच्या हातून दोन किलोचं कुत्रं सोफ्यावरून पडलं तर पाय मोडू शकतो, त्यामुळे चिवाव्हा आणि छोटा पामेरियन आम्ही आधीच बाजूला ठेवले. स्पिट्झला ऊन सोसतं असं मात्र समजू नका, दुपारी त्यालाही सावली आणि पंखा लागतोच. त्याचेही त्रास आहेत: लिफ्टचा आवाज आला तरी भुंकतो, आणि वर्षातून दोनदा घरभर पांढरे केस होतात. उन्हाळा आला म्हणून त्याला भादरू नका, दोन थरांचे केस नंतर नीट येतीलच असं नाही. डॅशहुंडची पाठ लांब, जिने आणि पलंगावरच्या उड्यांनी मणका दुखावतो. बीगल दिसायला लहान, पण शिकारीच्या कामाचा. दिवसभर कोंडला तर शेजारी तक्रार घेऊन येतात.

खरं सांगायचं तर आठ-नऊ तास एकटं राहायला यातलं कोणतंच पिल्लू बनलेलं नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन तासांनी शू लागते आणि दिवसातून चार वेळा खायला लागतं. म्हणून ‘दुपारी घरी कोण असतं?’ हा प्रश्न आम्ही सगळ्यांनाच विचारतो. केंद्र सरकारच्या 2017 च्या नियमांनुसार 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, पण 8 आठवडे झाले म्हणजे ते एकटं राहू शकतं असं नाही. दोन-तीन वर्षांचा, घरात राहायला सरावलेला दत्तक कुत्रा घेतलात, देशी असला तरी चालेल, आणि दुपारी एक फेरी मारायला माणूस लावलात, तर तुमच्या वेळापत्रकात तो लवकर रुळेल.

तरीही पगच हवा असेल, तर आम्ही कायमचं नाही म्हटलेलं नाही. दुपारी घरात मोठं माणूस असावं. फिरवणं उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतर. त्याआधी हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघायची, चटका बसला तर परत फिरायचं. वजन आठ किलोच्या आत, कारण जाड पगचा श्वास आणखी अडतो. पिल्लू दिवाळीनंतर घ्या, म्हणजे पहिल्या उन्हाळ्याआधी लसी पूर्ण होतात आणि त्याची सवय तुम्हाला कळते. बघायला याल तेव्हा ते झोपलेलं असताना बघा. नाकपुड्या उघड्या हव्यात. झोपेत घोरणारं पिल्लू लोकांना गोड वाटतं, आम्ही ते नाकारतो.

बहिणीला शित्झू घेऊन कोणत्याही दिवशी दुकानात यायला सांगा. कंगवा आमच्याकडून, आणि रेघेरेघेने विंचरणं त्यांच्या हातून करून घेऊ. पुढचे तीन पपी कटही आमच्याकडून. कागद बदलला आहे. आता त्यावर दहाव्या महिन्याचं स्वतंत्र लिहिलं आहे.