सायकसपासून घरचा साबुदाणा? काहीही!

तोच फॉरवर्ड आज तिसऱ्यांदा आला. "दारात साबुदाण्याचा पाम लावा, बियांपासून घरचा साबुदाणा मिळतो, 100 वर्षांतून एकदाच फूल येतं, रोज पाणी घाला, मुलांना-प्राण्यांना एकदम सेफ." शेवटचं वाचून राहवेना म्हणून लिहितोय.

आधी तेच घेऊ. हा "साबुदाण्याचा पाम" म्हणजे सायकस, पामसारखं दिसणारं शोभेचं झाड. त्याच्या सगळ्या भागांत विष असतं, बियांत सगळ्यात जास्त. मोठ्या सुपारीएवढ्या केशरी बिया खाली पडतात, कुत्र्याने एक-दोन चावल्या तरी उलट्या सुरू होतात आणि पुढे लिव्हर जाऊ शकतं. मलबारकडे ह्या बियांचं पीठ खातात हे खरं, पण ते लोक बिया फोडून, वाळवून, पाणी बदलत बदलत भिजवतात, पिढ्यांची माहिती आहे ती, व्हिडिओ बघून आपण करायला जाऊ नये.

आणि खिचडीतला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा हो! तामिळनाडूत सेलमच्या बाजूला बनतो. मूळचा साबुदाणा, म्हणजे सागो, न्यू गिनीकडच्या पामच्या खोडातून काढतात, तो खराखुरा पाम. सायकसच्या खोडातूनही पूर्वी स्टार्च काढायचे, म्हणून हे सागो पाम नाव चिकटलं, बाकी पामशी काही नातं नाही, हे पाइनच्या जवळचं खानदान. त्यामुळे फूलच येत नाही, 100 वर्षं थांबा नाहीतर 200. नर झाडाच्या शेंड्यात कणसासारखा लांबट शंकू येतो, मादीला लोकरीसारखी तपकिरी पानं आणि त्यांच्या कडेला बिया, आणि वयात आलेल्या झाडाला हे पुन्हा पुन्हा येतं.

ओळखायचं कसं? पानाच्या दांड्याला दोन्हीकडे अरुंद पाती असतात, त्यातली एक पात हातात घ्या, मधे एकच शीर आणि बाजूला शिराच नाहीत, तर सायकस. नर्सरीत मिळतं ते बहुतेक सायकस रेव्होल्युटा, ही जपानकडची जात, पाती कडक, टोचणाऱ्या, कडा खाली वळलेल्या. आपल्या पश्चिम घाटातली जात सायकस सर्सिनालिस, ते मऊ, सपाट, चकचकीत पातीचं, पान दोन मीटरपर्यंत जातं. मला तेच जास्त आवडतं, पण जंगलातून उपटून आणू नका प्लीज, आधीच धोक्यात आहे, नर्सरीत बियांपासून केलेलं मागा.

रोज पाणी तर अजिबात नको, खोड आतून सडतं. माती वरून सुकली की घाला, बास. मातीवर पोवळ्यासारखे मुळांचे गुच्छ दिसले तर रोग समजून कापू नका, त्यात नायट्रोजन धरणारं निळंहिरवं शेवाळ राहतं.

फॉरवर्डमध्ये खरा शत्रू मात्र नाहीच. प्लेन्स क्युपिड नावाचं इवलंसं निळसर फुलपाखरू कोवळ्या पानांवर अंडी घालतं आणि त्यातून निघालेल्या अळ्या ती पानं खातात. नवीन पाती घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या असतात, तेव्हाच रोज सकाळी उलटसुलट करून बघा. माझा अख्खा नवा तुरा आठवड्यात फस्त झाला, वर मुंग्या फिरत होत्या आणि मी त्यांच्यावरच मुंग्या मारायचा खडू ओढत बसलो, त्या बिचाऱ्या अळ्यांचा गोड रस चाटायला आलेल्या.